वाचकांचे प्रश्न : ट्रकला सायलेन्सर एक की दोन?

प्रश्न : आमची सहा सिलिंडरची, टर्बोवाली, बीएस-3 (प्रदूषण-नियमांच्या जुन्या टप्प्यातली) दहाचाकी गाडी धुळ्याहून इंदूरला मका घेऊन जाते. बिजासन घाटात लोड घेत नाही, काळा धूर सोडते. मिस्त्री म्हणतात, दोन सायलेन्सर लावा, इंजिन मोकळं होईल आणि अ‍ॅव्हरेजही वाढेल. लावावेत का?
– ट्रकमालक, शिरपूर

उत्तर : लावू नका. एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचा धूर एकाच मॅनिफोल्डमधून (सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या नळीतून) एकाच टर्बोत (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्यात) जातो, आणि टर्बोतून बाहेर पडायलाही तोंड एकच असतं. पुढे पाइपाला दोन फाटे फोडले तरी त्या तोंडातून येणारा धूर वाढत नाही. दुहेरी सायलेन्सरचा खरा उपयोग व्ही आकाराच्या इंजिनाला. तिथे सिलिंडरांच्या दोन रांगा आणि दोन मॅनिफोल्ड असतात, त्यामुळे दोन पाइप मुळातूनच वेगळे निघतात.

आता पाइपाचं गणित पाहा. 4 इंची एका पाइपाचं क्षेत्रफळ साधारण 12.6 चौरस इंच. अडीच इंची दोन पाइपांचं मिळून 9.8, म्हणजे दोन लावूनही वाट अरुंदच झाली. 3 इंची दोन लावले तर 14.1 भरतं आणि फायदा झाल्यासारखा वाटतो, पण दोन पाइपांत धुराला घासायला भिंतही जास्त मिळते. घर्षण धरलं तर 3 इंची दोन पाइप म्हणजे जेमतेम 4 इंची एक. एवढ्यासाठी दोन सायलेन्सर, दुप्पट क्लॅम्प आणि हँगर चेसिसवर वागवायचे, आणि तेवढा माल कमी भरायचा! शिवाय धूर दोन वाटांना विभागला की प्रत्येक पाइप थंड राहतो. त्यात पाणी साचतं आणि पत्रा आतून लवकर सडतो.

टर्बो इंजिनाला मागे थोडा दाब लागतोच, असंही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. ते खरं नाही. टर्बोतून धूर बाहेर पडल्यानंतर पाइपातला दाब जितका कमी तितकं बरं. म्हणून फाटे फोडण्याआधी हा दाब मोजा. टर्बोनंतरच्या सरळ पाइपाला, टर्बोपासून फूटभर अंतरावर एक नट वेल्ड करून घ्या. त्यातून मीटरभर तांब्याची नळी काढा म्हणजे धूर निवेल, आणि पुढे रबरी नळीने केबिनमध्ये 0 ते 20 किलोपास्कलचा गेज जोडा. गाडी भरलेली हवी, चढ हवा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. आकडा शेजारी बसलेल्याने वाचायचा. उभ्या गाडीला रेस देऊन मोजलेला आकडा फसवतो, कारण लोड नसताना धूरच कमी निघतो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते. या जातीच्या जुन्या इंजिनांना ती बहुधा 10 किलोपास्कलच्या आसपास असते.

आकडा मर्यादेत असेल तर दोष सायलेन्सरचा नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर, इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होसचे क्लॅम्प, टर्बो, मग इंजेक्टर, या क्रमाने तपासा. खळ्यातून मका भरताना उडणाऱ्या धुळीने फिल्टर किती लवकर चोंदतो, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

आकडा जास्त आला तर आधी एक्झॉस्ट ब्रेकची (उतारावर धुराची वाट बंद करून इंजिनानेच गाडी अडवणाऱ्या ब्रेकची) झडप पाहा. काजळीने ती अर्धवट मिटलेली राहते आणि चढावर इंजिनाचा गळा आवळते. ब्रेक सोडल्यावर तिचा दांडा पूर्ण मागे येतो ना, ते बघा. मग थंड सायलेन्सरवर रबरी हातोडी मारा. खुळखुळ आवाज आला तर आतले पडदे तुटून वाट अडवताहेत. सायलेन्सर बदला, पाइपाचा मूळ व्यास ठेवा, फार तर अर्धा इंच वाढवा. पाइप 2 मिमी जाड घ्या. वळणाची त्रिज्या व्यासाच्या दीडपट तरी ठेवा, दाबून चपटं केलेलं वळण नको. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी 3 मिमीचं भोक पाडा, पाणी निघून जाईल. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

बेलो (पाइपातला वळ्यांचा लवचीक तुकडा) मात्र कधीही गाळू नका. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, चेसिस हलत नाही. मधे बेलो नसेल तर तो सगळा हिसका टर्बोच्या फ्लँजवर (बोल्टच्या जोडावर) येतो आणि तिथे तडा जातो.

कायद्याची बाजूही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 112 प्रमाणे धूर खाली किंवा डावीकडे सोडता येत नाही, त्यामुळे डाव्या बाजूला काढलेलं दुसरं तोंड तिथेच अडतं. नियम 113 प्रमाणे पाइप डिझेलच्या लाइनपासून 35 मिमीच्या आत नको. एअर ब्रेकच्या नायलॉन नळ्यांपासून तर वीतभर लांब ठेवा, त्या वितळतात.

प्रश्न : 2021 ची बीएस-6 गाडी आहे. तिला तरी दुहेरी पाइप चालेल का?
– वाचक, भुसावळ

उत्तर : नाही. तिच्या सायलेन्सरच्या डब्यात काजळीचा फिल्टर, युरियाची एससीआर यंत्रणा (धुरातले विषारी वायू कमी करणारी) आणि सेन्सर आहेत. पाइप कापला की इंजिनाचा दिवा लागतो आणि ताकद कापली जाते. वॉरंटीवरही पाणी सोडावं लागतं.

प्रश्न : जुन्या गाडीला दोन पाइप लावून घेतल्यापासून कोंडाईबारी घाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेक धरत नाही. का?
– चालक, साक्री

उत्तर : फाटा बहुधा झडपेच्या आधी फोडला आहे. झडप मिटली की इंजिन आणि झडप यांच्यामध्ये दाब कोंडला पाहिजे. तुमच्या गाडीत तो दुसऱ्या पाइपातून निघून जातो. मग सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. फाटा झडपेच्या पुढे घ्या, किंवा एकच पाइप परत बसवा. फाटा पुढेच असेल तर मॅनिफोल्डपासून झडपेपर्यंतचे जोड पाहा. जिथे काजळीची काळी रेघ दिसेल तिथलं गॅस्केट फुटलेलं आहे. दुरुस्ती होईपर्यंत भरलेली गाडी त्या घाटात घालू नका.