सरासरी दिली असेल तर दोन समीकरणं कशी मांडायची?

सरासरी दिसली की आधी तिला संख्येनं गुणून एकूण बेरीज काढा. बहुतेक गणितं इथेच सुटतात किंवा इथेच फसतात.

समजा, दादर स्टेशनबाहेरच्या गाडीवर 50 गिऱ्हाइकं आली. प्रत्येकानं एकतर 20 रुपयांचा वडापाव घेतला किंवा 50 रुपयांची मिसळ. सरासरी बिल 26 रुपये. मिसळ किती जणांनी घेतली?

एकूण गल्ला = 26 × 50 = 1300. वडापाववाले क्ष, मिसळवाले य धरा:
क्ष + य = 50
20क्ष + 50य = 1300

पहिल्याला 20 नं गुणून दुसऱ्यातून वजा करा: 30य = 300, म्हणून य = 10, क्ष = 40. ताळा: 800 + 500 = 1300. दहावीतली निश्चयकाची पद्धतही चालेल, पण इथे ती उगाच लांबण.

नेहमीच्या चुका दोन. दुसऱ्या समीकरणात उजवीकडे नुसतं 26 लिहिणं. डावीकडे एकूण रुपये आहेत, मग उजवीकडेही एकूणच हवेत. आणि (20 + 50) ÷ 2 = 35 ही सरासरी समजणं; ती दोन्हीकडे गिऱ्हाइकं सारखी असतील तरच बरोबर.

वेगाचंही तसंच: तेवढंच अंतर जाताना ताशी 30, येताना 20 किमी, तर सरासरी 24 येते, 25 नाही, कारण हळू प्रवासात वेळ जास्त जातो.