धार, पायऱ्या की नळी?

ट्रेकच्या वाटेचा अवघडपणा फोटो पाहून ठरवू नका. राजगड–तोरणा या किल्ल्यांना जोडणाऱ्या डोंगरधारेवर हात क्वचितच लावावा लागतो. तिथे दमवते ती लांबी आणि ऊन. माणशी तीन-चार लिटर पाणी हवंच.

हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या थोड्याच, पण उभ्या. खोबण्यांमुळे पकड चांगली मिळते, खरा प्रश्न खाली पाहून वाटणाऱ्या भीतीचा. उतरताना तोंड कातळाकडेच ठेवा, एका वेळी हातापायांतला एकच हलवा. रविवारी गर्दीत तर नकोच.

बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर जाणारी नळीची वाट, म्हणजे अरुंद घळीतून चढणारी, या दोन्हींहून अवघड. घळीत सुटे दगड. वरच्याच्या पायानं निसटलेला दगड थेट खालच्यावर येतो. हेल्मेट, दोर, वाटाड्या घ्या. कातळटप्प्यावर एकच जण, बाकीचे आडोशाला. कातळ ओला असेल तर परत फिरा.