माळ्यावर सापडलेले, मुदत संपलेले फिल्म रोल वापरता येतील का?

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांचा कॅमेरा मिळाला आणि सोबत कोडॅक गोल्ड २०० चे चार रोल, मुदत २००४ ची. ते चालतील की फेकून द्यावेत?

फेकू नका. पण कॅमेऱ्यात भरण्याआधी प्रत्येक रोल हातात घेऊन बघा, फिल्मचं टोक डबीच्या बाहेर आहे का. टोक आत गेलेलं असेल तर त्यावर बाबांनी बहुधा फोटो काढलेत आणि रोल धुवायचा राहून गेलाय. तो पुन्हा भरलात तर जुन्या फोटोंवर नवे चढतील आणि दोन्ही जातील. तसाच धुवायला द्या. माझ्या मामांच्या अशाच एका रोलमधून मला चारच फोटो मिळाले, तेही धूसर आणि हिरवट. त्यातल्या एकात आजी ओसरीवर तांदूळ निवडत बसली आहे. तिचा त्या वयातला दुसरा फोटो आमच्याकडे नाही, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतोय.

रोल कोरे असतील तर छापलेल्या तारखेपेक्षा तुमच्या माळ्याची काळजी जास्त. फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांचे कण उजेड न लागताही वर्षानुवर्षं थोडे थोडे बिघडत जातात आणि धुताना ते आपोआप काळे पडतात. याला फॉग म्हणतात. उष्णतेने तो झपाट्याने वाढतो, आणि नागपूरचे वीस उन्हाळे माळ्यावर काढलेला रोल म्हणजे फ्रीजमधल्या रोलपेक्षा कितीतरी जास्त थकलेला. फॉग सावलीतले बारकावे आधी गिळतो. शिवाय निळा, हिरवा आणि लाल उजेड टिपणारे थर एकाच वेगाने जुने होत नाहीत, म्हणून रंग एकीकडे कलतात.

यावर औषध एकच, जास्त उजेड. तुमच्या रोलसारख्या रंगीत निगेटिव्हसाठी ढोबळ हिशोब दर दहा वर्षांना एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, असा आहे. म्हणजे तुमचा २०० चा रोल ५० चा समजायचा (हा आकडा म्हणजे आयएसओ, फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचं माप). मी तुमच्या जागी असतो तर माळ्याची उष्णता धरून २५ लावला असता. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड बराच सोसते, कमी उजेड मात्र अजिबात सोसत नाही. मी माझा पहिला जुना रोल डबीवरच्या आकड्यानेच वापरला होता. भाचीच्या बारशाचे घरातले सगळे फोटो राखाडी चिखलासारखे आले, आणि ते बारसं परत होणार नव्हतं. त्यामुळे मुंज, लग्न, बारसं यांना हे रोल नकोत.

चारही रोल एकाच ट्रंकेतले आहेत, तेव्हा एक चाचणीसाठी खर्च करा. अर्धं ऊन, अर्धी सावली असलेली एखादी भिंत धरा आणि तोच फोटो २००, १००, ५०, २५, १२ असा काढा. उरलेल्या फ्रेम २५ वर भर उन्हात संपवा. या रोलचं उत्तर बाकीच्या तिघांनाही लागू पडेल. कॅमेरा डबीवरचा डीएक्स कोड (आयएसओ सांगणारे चंदेरी-काळे चौकोन) वाचून स्वतःच २०० लावत असेल, तर आयएसओ हाताने बदलता येतो का ते बघा. येत नसेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय, वापरा.

धुवायला देताना रोल किती जुना आहे ते सांगा आणि रंगीत निगेटिव्हच्या नेहमीच्याच सी-४१ पद्धतीने धुवायला सांगा. ‘पुश’ करून, म्हणजे जास्त वेळ धुवून, घेऊ नका, त्याने फॉगही वाढतो. रंगांचा कल स्कॅनमध्ये बराचसा काढता येतो.

ट्रंकेत आणखी काही निघालं तर? कृष्णधवल रोल यापेक्षा चिवट असतात. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ मिळाला तर जरूर वापरून बघा. स्लाइड फिल्मला (जिच्यावर थेट सुलटं चित्र उमटतं) मात्र हा स्टॉपचा हिशोब लावू नका, ती जास्त उजेडात पांढरी पडते. आणि कोडाक्रोम ही कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म असेल तर तिचे रंग आता मिळणार नाहीत. ती धुणाऱ्या शेवटच्या लॅबने, अमेरिकेतल्या कॅन्ससच्या ड्वेन्स फोटोने, २०१० च्या अखेरीस ते काम थांबवलं. आता ती फक्त कृष्णधवल म्हणून धुता येते.

चाचणी होईपर्यंत बाकीचे रोल आजच माळ्यावरून खाली आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. वापरायच्या दिवशी डबा बाहेर काढून तीन-चार तास तसाच बंद राहू द्या. लगेच उघडलात तर गार फिल्मवर दमट हवेचं पाणी धरतं.