शास्त्रीय गाणं शिकताना रोज पहाटे खर्जाचाच रियाज का करून घेतात?

खर्ज म्हणजे मंद्र (खालच्या) सप्तकातला सा. तिथे स्वरतंतू सैल, जाड असतात. अशा वेळी जोर लावला की आवाज लगेच घरघरतो, म्हणजे चूक तिथल्या तिथे कळते. पहाटे आवाज तसाही जडच असतो, म्हणून खालचे स्वर सहज लागतात.

मी सोलापूरच्या पूर्व भागात शिकलो. शेजारी यंत्रमाग. पहिली पाळी सुरू झाली की खटखटीत तंबोरा ऐकू यायचा नाही, आणि मी नकळत ओरडून गायचो. महिन्याभरात आवाज बसला. गुरुजींनी आठ दिवस गाणं बंद केलं, नुसता तंबोरा छेडायला लावला. मग म्हणाले, "आता तारेत मिसळेल एवढाच सा लाव." तेवढा लावायला दोन महिने गेले!

खर्ज सगळे करतात, पण कान घराण्यागणिक वेगळे. किराणा घराण्यात एकेका स्वराचा लगाव (तो कसा लावला), त्याची आस (मागे रेंगाळणारी गुंज) महत्त्वाची. याच घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (१८७२–१९३७) जुन्या ध्वनिमुद्रिका ऐका, बारीक, टोकदार आवाज आहे. जयपूर-अत्रौली घराण्यात मोकळा आ-कार ('आ' लावून गाणं) आणि लयीशी गुंतलेली तान. त्यामुळे 'भारदस्त आवाज म्हणजेच चांगला आवाज' हे मला पटत नाही.

पट्टी, म्हणजे आपला सा कुठे धरायचा ते, मात्र स्वतःची धरा. पेटीच्या काळ्या पट्ट्यांवर मोजलं तर पुरुषांना बहुधा काळी एकच्या आसपास, बायकांना काळी चार-पाच सोयीची पडते. खालचा सा नुसती हवा होत असेल तर मंद्र पंचमावर (त्याच सप्तकातल्या प वर) थांबा. घसा दुखला तर त्या दिवशी बंद. आणि हो, रियाजाआधी शेंगाचटणी नको.