प्रोजेक्टरच्या पानावर ‘प्ले’चं बटण का सापडत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अंबाजोगाईच्या वाचनालयाच्या सभागृहात प्रोजेक्टर १४ फुटांवर छताला टांगलाय आणि दर वेळी शिडी लावून पेनड्राइव्ह खोचावा लागतो. प्रोजेक्टरला नेटवर्कची केबल जोडून फोनच्या ब्राउझरमध्ये त्याचा आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाकला, पान उघडलं, त्यात पॉवर आहे, इनपुट आहे, आवाज आहे, पण चित्रफीत सुरू करायचं बटणच नाही. १७ सप्टेंबरला ध्वजारोहणानंतर मुक्तिसंग्रामावरची १२ मिनिटांची चित्रफीत दाखवायची आहे आणि ती चालवणार तुमचे शिपाईमामा, त्यांच्या साध्या अँड्रॉइड फोनवरून.

ते बटण तिथे नसतंच. तुम्ही उघडलेलं पान प्रोजेक्टरचं आहे. त्याला एवढंच कळतं की आपण चालू आहोत की बंद, आणि एचडीएमआयच्या कोणत्या भोकातून चित्र घ्यायचं. फाइल चालवणारं यंत्र वेगळं लागतं, आणि त्याचं वेबपानही वेगळं असतं. आपल्याकडे बहुतेकांचा घोळ इथेच होतो, दुकानदारही ‘नेटवर्क प्रोजेक्टर आहे, सगळं होतं’ एवढंच सांगून मोकळे होतात. तर तुम्हाला एक मीडिया प्लेअर हवा, तो नेटवर्कवर हवा, आणि त्याच्या पानावरूनच प्रोजेक्टरलाही हुकूम देता आला तर मामांना एकच पान पुरेल.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. फोनवरचं पान हे फक्त रिमोट आहे. फाइल प्लेअरच्या पोटातूनच चालली पाहिजे. काही जण फोनवरून वायफायने चित्र प्रोजेक्टरवर पाठवतात, ज्याला आपण कास्ट करणं म्हणतो. त्यात कोणाचा फोन आला, बॅटरी संपली, मामा बाहेर चहाला गेले, की पडदा काळा. प्लेअर स्वतः चालवत असेल तर फोन विहिरीत पडला तरी चित्रफीत शेवटपर्यंत चालते.

आता यंत्र. घरात जुना लॅपटॉप असेल तर आजच करून बघता येईल. व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘ऑल’ निवडा, मेन इंटरफेसेसमध्ये ‘वेब’वर टिक करा, त्याखाली लुआच्या पानावर पासवर्ड टाका आणि व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा. पासवर्ड दिल्याशिवाय ते पान उघडत नाही, अनेक जण तिथेच अडतात. मग फोनवर लॅपटॉपचा आयपी ॲड्रेस, अपूर्णविराम (:) आणि ८०८० टाकायचं. नाव विचारलं तर जागा रिकामी सोडा, फक्त पासवर्ड द्या. विंडोज फायरवॉल परवानगी मागेल, ती खाजगी नेटवर्कपुरती द्या. एवढ्यावर प्ले, पॉज, पुढची फाइल, आवाज, सगळं फोनवरून चालतं.

कायमसाठी मात्र मी लॅपटॉप ठेवणार नाही. तो झोपतो, अपडेट मागतो, आणि मध्येच कोणीतरी घरी घेऊन जातं. रास्पबेरी पाय ४ घ्या, हा तळहाताएवढा छोटा संगणक आहे, पुढे मी त्याला नुसतं ‘पाय’ म्हणतो. त्यावर कोडी हा प्लेअर टाकून त्याचं तयार वेबपान वापरता येतं, सोयीचंही आहे, पण फाइल संपली की कोडीचा मेन्यू पडद्यावर येतो. समोर २०० माणसं बसलेली असताना ते शोभत नाही. म्हणून मी एमपीव्ही हा साधा प्लेअर वापरतो. त्याला फाइल संपल्यावर शेवटच्या चौकटीवर थांबून राहायला सांगता येतं, आणि सुरुवातीला वाचनालयाचं नाव असलेलं एक स्थिर चित्र धरून ठेवायला सांगता येतं. एमपीव्हीला बाहेरून हुकूम देण्यासाठी एक सॉकेट असतो, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने निरोप टाकायची जागा. पायथॉन भाषेत फ्लास्क वापरून लिहिलेला छोटासा प्रोग्राम पानावरचं बटण ऐकतो आणि तो हुकूम सॉकेटमध्ये टाकतो. तुमच्या गावात कॉम्प्युटर शिकणारी पोरं आहेत, दोन संध्याकाळी बसली तर त्यांच्याकडून होईल.

पण त्या पोरांना माझा एक अनुभव सांगा. मी पहिल्यांदा असं पान केलं तेव्हा प्रत्येक बटण म्हणजे एक साधी लिंक होती. ‘सुरू’ दाबलं की ‘सुरू’च्या पत्त्यावर जायचं आणि चित्रफीत सुरू व्हायची. चाचणीत सगळं छान. कार्यक्रमात एक वयस्कर स्वातंत्र्यसैनिक बोलत होते, आणि त्यांच्या मागे पडद्यावर अचानक चित्रफीत सुरू झाली, आवाजासकट. कोणी काही दाबलं नव्हतं. फोन चालवणाऱ्याने दुसरं काहीतरी बघून ब्राउझर परत उघडला होता. ब्राउझरने जुनी टॅब ताजी करायला तोच ‘सुरू’चा पत्ता पुन्हा मागितला आणि प्लेअरने इमानदारीने हुकूम पाळला. त्या आजोबांचं वाक्य अर्ध्यात तुटलं, ते मला अजून लागतं. तेव्हापासून नियम एकच: पान उघडल्यावर फक्त स्थिती दिसली पाहिजे, आणि कृती करणारं प्रत्येक बटण ‘पोस्ट’ पद्धतीनेच गेलं पाहिजे, कारण तशी विनंती ब्राउझर सहसा न विचारता पुन्हा पाठवत नाही. हुकूम पाळून झाला की ब्राउझरला परत मुख्य पानावर पाठवायचं, म्हणजे पत्त्याच्या पट्टीत ‘सुरू’ उरतच नाही.

दुसरं त्याच्याच जोडीचं. बटण दाबल्याबरोबर त्याचा रंग बदलायचा नाही. पानाने दर सेकंदाला प्लेअरला विचारायचं, काय चाललंय, किती मिनिटं उरली, आणि प्लेअर सांगेल तेच दाखवायचं. नाहीतर वायफाय मंद असताना मामा ‘सुरू’ दोनदा दाबतात आणि दुसऱ्या दाबाला चित्रफीत थांबते. त्यासाठी ‘सुरू’ आणि ‘थांबा’ ही दोन वेगळी बटणं ठेवा, एकच बटण आलटूनपालटून वापरू नका. ‘सुरू’ कितीही वेळा दाबलं तरी सुरूच राहतं.

बटणं किती? माझ्या मते पाच. चित्रफीत सुरू, थांबा, पडदा काळा, प्रोजेक्टर चालू, प्रोजेक्टर बंद. सगळी मराठीत, अंगठ्याएवढी मोठी. शेवटच्या बटणाला ‘नक्की बंद करायचा?’ असं विचारू द्या. फाइल निवडायची यादी वेगळ्या पानावर, ती तुमच्यासाठी.

प्रोजेक्टरचे हुकूम त्याच पानावर आणायला पीजेलिंक ही पद्धत आहे. जपानी उद्योगसंघटनेने ठरवलेली, बहुतेक मोठ्या कंपन्यांचे नेटवर्क असलेले प्रोजेक्टर ती समजतात, पोर्ट ४३५२. चालू-बंद, इनपुट निवडणं, चित्र-आवाज तात्पुरता झाकणं, दिवा किती तास जळला, हे सगळं साध्या अक्षरी ओळींमध्ये. पॉवरची स्थिती विचारली की चारपैकी एक आकडा येतो: ० म्हणजे बंद, १ चालू, २ थंड होतोय, ३ गरम होतोय. हे शब्द पानावर तसेच दाखवा. ‘गरम होतोय’ वाचलं की माणूस थांबतो, काही दिसलं नाही की पुन्हा दाबतो. प्रोजेक्टरच्या मेन्यूत नेटवर्क स्टँडबाय चालू आहे ना ते आधी बघा. ते बंद असेल तर बंद झालेल्या प्रोजेक्टरला नेटवर्कवरून उठवता येत नाही.

प्लेअर कुठे ठेवायचा? वर, प्रोजेक्टरच्या शेजारी, एक मीटरच्या एचडीएमआय केबलवर. खाली टेबलावर ठेवून छतापर्यंत लांबलचक एचडीएमआय ओढू नका. १० मीटरच्या पुढे साधी केबल कधी चित्र देते, कधी ठिपके देते, आणि भिंतीतून गेलेली केबल बदलणं म्हणजे पुन्हा गवंडी आला. नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत बिनधास्त जाते, ती खाली आणा. फक्त प्रोजेक्टरची गरम हवा जिथून बाहेर पडते त्या तोंडासमोर पायची डबी लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, स्लॅबखाली त्याहून जास्त, आणि पाय ८० अंशांना आपला वेग कमी करायला लागतो. ॲल्युमिनियमची डबी घ्या. अशा डबीत पायचं स्वतःचं वायफाय कमजोर होतं, पण केबल असल्यामुळे आपल्याला त्याचं काही नाही. आवाज मात्र प्रोजेक्टरच्या छोट्या स्पीकरवर सोडू नका, त्याच्या ऑडिओ आउटमधून वायर खाली सभागृहाच्या ॲम्प्लिफायरपर्यंत आणा.

खाली एक छोटा राउटर. त्याला इंटरनेट जोडायची गरज नाही, नसलेलंच बरं. राउटरच्या सेटिंगमध्ये प्लेअर आणि प्रोजेक्टर दोघांना ठरावीक आयपी ॲड्रेस बांधून द्या, नाहीतर लाइट गेली-आली की पत्ता बदलतो आणि मामांच्या फोनवरचं चिन्ह कोऱ्या पानावर जातं. नावाने उघडायचा नाद नको, जुन्या अँड्रॉइडवर तशी स्थानिक नावं उघडत नाहीत. आकडेच बरे, एकदाच टाकायचे आणि होम स्क्रीनवर चिन्ह ठेवायचं.

इथे एक फसवी जागा आहे. राउटरला इंटरनेट नाही हे फोनला कळतं आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो. वायफायची खूण दिसते, पण पान उघडत नाही. फोन विचारतो, ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?’ तिथे ‘हो’ आणि ‘पुन्हा विचारू नका’ करायचं. तरीही गडबड झाली तर कार्यक्रमापुरता मोबाइल डेटा बंद. हे कागदावर लिहून ॲम्प्लिफायरजवळ चिकटवा. आणि वायफायचा पासवर्ड चार माणसांपलीकडे जाऊ देऊ नका. एका शाळेत तो मुलांपर्यंत पोचला आणि स्नेहसंमेलनात पडदा सारखा काळा होत राहिला. बाहेरून, घरून चालवायला म्हणून राउटरचं पोर्ट इंटरनेटवर उघडं करू नका. व्हीएलसीचं असो की तुमचं स्वतःचं, ही पानं बंद दाराआड राहण्यासाठीच आहेत.

आता लाइट. प्लेअर आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या, दोघांना मिळून फार थोडी वीज लागते. प्रोजेक्टरही घेता आला तर उत्तम, कारण दिव्याचा प्रोजेक्टर झटक्यात बंद झाला की पंखा थांबतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं. मेन्यूत ‘डायरेक्ट पॉवर ऑन’ (वीज आली की प्रोजेक्टर आपोआप चालू) असेल तर ते बंदच ठेवा. परभणीत एका सभागृहात ते चालू राहिलं होतं. रात्री लाइट गेली, पहाटेपर्यंत केव्हातरी आली, आणि सकाळी दार उघडलं तर रिकाम्या खुर्च्यांसमोर निळा पडदा पेटलेला. अशा किती रात्री गेल्या ते दिव्याच्या तासांवरून कळलं.

पायचं उलटं. लाइट आली की त्याने आपोआप उठून स्थिर चित्र धरून बसलं पाहिजे. पण तो उठतो तेव्हा प्रोजेक्टर झोपलेला असतो, त्यामुळे पायला वाटतं पडदाच जोडलेला नाही आणि तो चित्र पाठवतच नाही. मग प्रोजेक्टर चालू केला की ‘सिग्नल नाही’. यावर उपाय म्हणजे पाय सुरू होताना वाचतो त्या सीएमडीलाइन फाइलमध्ये एचडीएमआय-ए-१ (पायचं पहिलं एचडीएमआय भोक) साठी १९२०×१०८० आणि ६० ठरवून शेवटी डी हे अक्षर लावणं. त्या डीचा अर्थ, पडदा आहे असं धरून चाल. शिवाय सगळं जमल्यावर रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्राममधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे मेमरी कार्डावर काही लिहिलं जात नाही आणि अचानक वीज गेल्याने कार्ड खराब होण्याची भीती जवळजवळ संपते. चित्रफिती वेगळ्या पेनड्राइव्हवर. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते, म्हणून ‘सकाळी ८ वाजता आपोआप सुरू’ असलं काही इंटरनेटशिवाय ठेवायचं असेल तर डीएस३२३१ घड्याळ लावा. तुमच्या कामाला मी ते सुचवत नाही. ध्वजारोहण पाच मिनिटं पुढेमागे होतं, तिथे माणसाचं बोटच हवं.

चित्रफीत ज्यांनी केली त्यांच्याकडून मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेली घेऊ नका, १५ फुटी पडद्यावर चेहरे विरघळतात. आणि ज्या गावात स्वामी रामानंद तीर्थांनी मुलांना शिकवलं, तिथे त्यांचा चेहरा स्वच्छ दिसलाच पाहिजे. एच.२६४, १०८० ची एमपी४ फाइल, पाय ४ वर आरामात चालते.

१६ तारखेच्या संध्याकाळी तालीम घ्या, आणि ती मामांच्या हातून. तुम्ही मागच्या रांगेत बसा, काही सांगू नका. चित्रफीत अर्ध्यावर असताना मेन स्विच पाडा आणि पुन्हा चढवा. मामा एकटे पाच मिनिटांच्या आत चित्र परत आणू शकले तर यंत्र तयार आहे. अडले तर कुठे अडले ते लिहून ठेवा, त्या बटणाचं नाव बदला.

तोवर प्रोजेक्टरच्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाका. मेन्यूत पीजेलिंक नसेल पण मागे नऊ टाचण्यांचं आरएस-२३२ चं भोक असेल, तर यूएसबीला आरएस-२३२ जोडणारी एक छोटी केबल लावून तसेच हुकूम, त्या कंपनीच्या भाषेत, पायवरून देता येतात. मॉडेल कळलं की ते कसे लिहायचे ते मी सांगतो.