पट्टीची खूण आणि मी न सांगितलेली गोष्ट

एस्ट्रॅडिओलची, म्हणजे स्त्री-हार्मोन त्वचेतून देणारी, पट्टी लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ओटीपोटावर खाज सुटते आणि ती काढल्यावर तिच्याच आकाराची लाल खूण उरते, असे आपण लिहिले आहे. नणंदबाईंनी औषधांच्या दुकानातून आणून दिलेले मलम लावावे का आणि पट्टी कायमचीच बंद करावी का, असे आपले दोन प्रश्न आहेत. ते वाचून मी स्वस्थ बसू शकले नाही, कारण तसलेच मलम मी दीड महिना लावले होते आणि त्यातून बाहेर पडायला मला चैत्रापासून दिवाळीपर्यंतचा काळ लागला. मी डॉक्टर नाही, ग्वाल्हेरच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. म्हणून पुढचे सारे एका रुग्णाचा अनुभव समजूनच वाचावे आणि औषधाबाबतचा निर्णय आपल्या डॉक्टरांनाच विचारून घ्यावा.

त्वचा स्वच्छ व कोरडी असावी, तेल-पावडर नसावी, पट्टी तळहाताने दाबून धरावी, एका जागी पुन्हा लावण्याआधी निदान आठवडा जाऊ द्यावा, हे सर्व पाकिटातल्या पत्रकात असते, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. पत्रकात नसलेली एक गोष्ट मात्र सांगते. कमरेवर घट्ट कपड्याखाली पट्टी लावू नये, एवढेच त्यात म्हटलेले असते, परंतु ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे परकराची नाडी नसते. आपण नेसतो ती साडी नाडीवर कसलेली असते, निऱ्या नेमक्या ओटीपोटावर खोचलेल्या असतात, आणि ग्वाल्हेरसारख्या गावी मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की घाम तिथेच साचतो. नाडीने घासून पट्टीची कड उचलली जाते, उघड्या पडलेल्या चिकट भागावर कपड्याची लव जमते आणि त्वचेवर एक काळपट कडे तयार होते. आपण साडी नेसत असाल, तर पट्टी नितंबाच्या वरच्या, बाहेरच्या भागावर लावून पाहावी, तिथे नाडी पोहोचत नाही आणि बसतानाही तो भाग दाबला जात नाही.

आता माझ्या चुकीविषयी. वयाच्या ४३व्या वर्षी शस्त्रक्रियेत माझे गर्भाशय आणि दोन्ही अंडाशये काढावी लागली. त्यानंतर अंगातून वाफा निघू लागल्या, झोप उडाली आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी एस्ट्रॅडिओलची पट्टी सुरू केली. त्वचेतून जाणारे औषध आधी यकृतातून जात नाही आणि म्हणून रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी असतो, हे कारण त्यांनी नीट समजावून सांगितले होते. पहिली दोन वर्षे सुरळीत गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात लाली आणि खाज सुरू झाली. पट्टी लंबगोल होती आणि कडेचा भाग अधिक लाल होई, त्यामुळे त्वचेवर एक कडे उमटल्यासारखे दिसे.

मी एका दवाखान्याच्या त्वचाविभागात गेले. तिथे जाताना, डॉक्टरांपुढे असे काय चिकटवून जायचे या संकोचाने पट्टी आदल्या रात्रीच काढली आणि जागा साबणाने घासून स्वच्छ केली. सोबत पुतण्या आला होता, समोर तरुण पुरुष डॉक्टर होते आणि बाहेर रांग लागली होती. काही औषध चालू आहे का, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी फक्त रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगितले. पुतण्यादेखत "हार्मोनची पट्टी" हे शब्द मला उच्चारता आले नाहीत. डॉक्टरांनी दोन मिनिटांत "दाद है" म्हणून निदान केले. दाद म्हणजे आपले गजकर्ण. गोल कडे आणि खाज पाहून तसे वाटणे मी समजू शकते, परंतु खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पाच मिनिटांची साधी तपासणीही त्यांनी केली नाही. चिठ्ठीवर जे मलम आले त्यात बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासॉल अशी तीन औषधे एकत्र होती. क्लोबेटासॉल हे अतिशय तीव्र स्टिरॉइड, म्हणजे दाह दाबून टाकणारे औषध आहे, ते सलग दोन आठवड्यांपेक्षा अधिक लावू नये, ही गोष्ट मला कितीतरी उशिरा कळली. मला त्या दिवशी कोणतीही मुदत सांगितली गेली नाही.

मलमाने तीन दिवसांत लाली गेली आणि मी खूष झाले. या खुषीनेच माझे सर्वांत अधिक नुकसान केले. पट्टी पुन्हा लावली की लाली येई, मलम लावले की जाई, आणि नळी संपली की दुकानदार चिठ्ठी न मागता दुसरी देई. स्टिरॉइडची अनेक मलमे २०१८ सालापासून 'शेड्यूल एच' मध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकायची नाहीत, पण काउंटरवर हे कोणी विचारात घेत नाही. मलमाच्या तेलकटपणाने पट्टी सुटू लागली, म्हणून मी तिच्यावरून साधी चिकटपट्टी लावू लागले, तिचाही त्रास झाला. अर्धवट चिकटलेल्या पट्टीतून औषध पुरते जात नसावे, कारण वाफा परत आल्या. सहाव्या आठवड्यात पट्टी काढताना त्वचेचा पापुद्रा तिच्यासोबत निघून आला. तिथली कातडी कागदासारखी पातळ झाली होती आणि बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या. मलम थांबवले तर दाह दुपटीने उसळला.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: नणंदबाईंनी प्रेमाने आणले असले, तरी ते मलम लावू नये. निदान नळीवरची नावे वाचावीत, त्यात क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे स्टिरॉइड असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून झाकण उघडू नये. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन ही वेगळी गोष्ट आहे. ते पट्टी काढल्यानंतर, रिकाम्या झालेल्या जागेवर थोडे दिवस लावायला माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले होते, पुढच्या पट्टीखाली कधीच नाही.

या दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे जाताना मी शहाणी झाले होते. एकटीच गेले, पट्टी अंगावर ठेवूनच गेले, न उघडलेले एक पाकीट पिशवीत घेतले आणि भिंतीवरचे कालनिर्णयही काढून नेले, ज्यावर कोणत्या तारखेला कोणत्या बाजूस पट्टी लावली हे मी 'उ' आणि 'डा' अशा अक्षरांनी लिहीत असे. त्यांनी पट्टी माझ्यासमोर काढली, खुणेची कड पाहिली आणि विचारले, लाली पट्टीच्या सीमेतच राहते की बाहेर पसरते? हा प्रश्न आपणही स्वतःला विचारावा. लाली पट्टीच्या आकारापुरती असेल आणि काढल्यावर एक-दोन दिवसांत उतरत असेल, तर बहुधा तो घाम, घर्षण आणि चिकटद्रव्य यांनी झालेला साधा दाह असतो, आणि जागा बदलून, पट्टी सावकाश सोलून काढून, उरलेला चिकटा खोबरेल तेलाने पुसून तो आवरतो (तेल पुढच्या पट्टीच्या जागी मात्र लागू देऊ नये). लाली सीमेबाहेर पसरत असेल, बारीक फोड येत असतील, प्रत्येक नव्या पट्टीला त्रास वाढत असेल किंवा जुन्या जागाही पुन्हा पेटत असतील, तर ती ॲलर्जी असू शकते आणि तिथे जागा बदलून काही होत नाही. चेहरा सुजला, श्वास लागला किंवा ताप येऊन जागेतून पू आला, तर हे उत्तर वाचत बसू नये, पट्टी काढून थेट रुग्णालय गाठावे.

माझी खूण सीमेबाहेर गेली होती, म्हणून त्यांनी पाठीवर चाचणी केली. तिचे नावही 'पॅच टेस्ट' असल्याने घरी बराच गोंधळ झाला. संशयित द्रव्ये छोट्या चकत्यांत घालून पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात, काढल्यावर एकदा पाहतात आणि साधारण चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही. चाचणीच्या आधी पाठीवर स्टिरॉइड लावलेले चालत नाही, पोटातून घेतलेलेही निकाल बिघडवू शकते. माझी पाठ ॲक्रिलेट गटातील चिकटद्रव्याला पेटली, एस्ट्रॅडिओलला नाही. हा फरक मोलाचा होता, कारण क्वचित कोणाला एस्ट्रॅडिओलचीच ॲलर्जी असते आणि मग तेच औषध दुसऱ्या रूपात घेऊनही त्रास होऊ शकतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. पट्टी बंद करणे आणि उपचार बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिकटद्रव्य वेगळे असलेली दुसऱ्या बनावटीची पट्टी असू शकते, तेच औषध असलेले त्वचेवर लावायचे जेल असते. मी जेलवर गेले. आपण प्रोजेस्टेरॉनची गोळीही घेत असल्याचे लिहिले आहे, ती एस्ट्रॅडिओलसोबत गर्भाशयाच्या अस्तराच्या रक्षणासाठी देतात, म्हणजे आपले गर्भाशय शाबूत असणार. तेव्हा एक औषध थांबवून दुसरे आपल्याच मनाने चालू ठेवण्याचा किंवा उलट करण्याचा प्रयोग करू नये, दोन्हींचा हिशेब एकत्र असतो. पट्टीआधी त्वचेवर स्टिरॉइडचा फवारा मारण्याचा किंवा संरक्षक थर देणारे द्रव लावण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. थर दिला की औषधाच्याच वाटेत भिंत उभी राहते, आणि फवाऱ्याबद्दल माझे मत आता आपल्या लक्षात आलेच असेल.

जेलचीही एक पथ्याची बाजू आहे. त्यात अल्कोहोल असल्याने सोललेल्या त्वचेवर ते झोंबते, आणि ओले असताना दुसऱ्याच्या अंगाला लागले तर औषध त्यांच्यात जाते. मी सकाळी स्नानानंतर दंडाला लावते, हात साबणाने धुते आणि ते वाळून वर बाही येईपर्यंत नातीला उचलत नाही. पाच वर्षांची आहे, दाराबाहेरून ओरडून विचारते, "आजी, वाळलं का?"