गाडीची काच अडकतेय? मोटर बदलायच्या आधी हे बघ

अरे थांब, लगेच मोटरला दोष देऊ नकोस. काच अडकत अडकत वर जात असेल तर बऱ्याचदा भानगड रबरी चॅनलमध्ये (काच ज्या खाचेतून सरकते तिथे) असते, धूळ बसून बसून रबर कोरडं पडतं आणि काचेला घट्ट धरून ठेवतं. ओल्या फडक्याने चॅनल आतून पुसून काढ, वाळू दे, मग सिलिकॉन स्प्रे मार. ऑइल अजिबात नको, रबर फुगतं आणि धूळ अजून चिकटते.

तरीही काच तिरकीच जातेय तर मग दाराचं पॅनल काढावं लागेल. काच रेग्युलेटरला (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला) बहुतेक गाड्यांत बोल्टने धरलेली असते, ते बोल्ट थोडेच ढिले कर, पूर्ण काढलेस तर काच धपकन दारात पडेल. काच पूर्ण वर नेऊन दोन्ही कडा चॅनलमध्ये नीट बसल्यात ना बघ, आणि तिथेच धरून बोल्ट आवळ. रेग्युलेटरची केबल पिंजलेली दिसली तर ॲडजस्ट करत बसू नकोस, रेग्युलेटरच बदल.

हात दारात असताना स्विचला कुणालाही हात लावू देऊ नकोस, बोटं चेमटतात. आणि पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद परत नीट चिकटव, नाहीतर पावसात पाणी आत येईल.